काळी गाडी गोव्यात कशी सांभाळायची

फोंड्याला आमच्या अंगणात काळी गाडी आली तेव्हा बॉनेटमध्ये वरच्या माडाची झावळी दिसायची, तिची एकेक पाती मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. चार महिन्यांनी एका रात्री पेट्रोल भरायला थांबलो. पंपाच्या छताचा पांढरा दिवा बॉनेटवर पडला होता आणि त्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा पसरल्या होत्या. गाडी कुठे घासली नव्हती, कुणी मुद्दाम ओरखडा काढला नव्हता. रोज सकाळी निघण्याआधी गाडीवर कापड मारायची घरात सवय होती. त्या कापडाने हे केलं होतं.

पहिल्यांदाच काळी गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं: काळ्या रंगाचं नुकसान घाण बसल्याने होतं त्याहून जास्त ती घाण पुसताना होतं.

रेघा काळ्यावरच एवढ्या का दिसतात

हल्लीच्या गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते, त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरतात. गाडीची सगळी चमक केसाहून पातळ थरावर आहे, हे एकदा मनात बसलं की हातात कापड घेताना आपोआप विचार केला जातो.

बारीक रेघा पडतात त्या या वरच्या थरात. रेघेच्या कडेवर उजेड आपटतो आणि विखुरतो. पांढरी गाडी तसाही सगळा उजेड परत फेकत असते, त्यात हा विखुरलेला उजेड मिसळून जातो. काळा रंग उजेड गिळून टाकतो, त्यामुळे त्याच्यावर प्रत्येक रेघ उठून दिसते. पांढऱ्या गाडीवरही तितक्याच रेघा असतात, फक्त मालकाला त्या दिसत नाहीत.

दुसरी अडचण तापण्याची. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांच्या घरात जातो. अशा पत्र्यावर शाम्पू क्षणात वाळतो, पाण्याचे डाग भाजून बसतात आणि पक्ष्याची विष्ठा रंगात उतरते.

त्यात आपली माती. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, तांबडी धूळ हाताला पिठासारखी मऊ लागते, पण तिच्यात लोहाची संयुगं आणि वाळूचे बारीक कठीण कण असतात. डिचोली, उसगाव, सावर्डे या भागांत खनिजाचे ट्रक चालू असले की ही धूळ दुप्पट होते. चिरेखाणीच्या वाटेवर घर असेल तर वर्षभर तेच. मुरगाव बंदराच्या आसपास राहणाऱ्यांना कोळशाच्या भुकटीचा त्रास आहे, आणि ती काळ्या गाडीवर दिसत नाही म्हणून जास्त फसवते. गाडी स्वच्छ वाटते, आपण हात फिरवतो आणि रेघा पडतात.

सुरुवात शोरूममध्येच

गाडी अजून ताब्यात यायची असेल तर विक्री प्रतिनिधीला स्पष्ट सांगा, शक्य तर लेखी द्या: डिलिव्हरीआधी गाडी धुऊ नका, पुसू नका, पॉलिश तर अजिबात करू नका; प्लास्टिक आणि धूळ आहे तशी राहू दे. ताब्यात देताना गाडी चकचकीत दिसावी म्हणून घाईघाईत एकाच कापडाने पाच गाड्या पुसल्या जातात. माझ्या मावसभावाची काळी गाडी ताब्यात मिळाली त्याच दिवशी दारांवर पॉलिशिंग मशीनच्या लाटा होत्या. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या दिसल्या, तोवर सगळ्या कागदांवर सह्या झाल्या होत्या. गाडी ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च प्रत्येक पॅनेलवर फिरवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

कोरडं कापड, पिसांचा झाडू आणि दव

रोजचं पुसणं बंद करा. घरच्यांना ही गोष्ट पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण धुळीची गाडी रस्त्यावर नेणं आपल्याकडे कमीपणाचं वाटतं. कोरड्या गाडीवर कोरडं कापड म्हणजे पातळ सॅंडपेपर. मेण लावलेला झाडूही मी वापरत नाही. तो धूळ उचलतो हे खरं, पण उचललेली धूळ त्याच्याच धाग्यांत राहते आणि पुढच्या पॅनेलवर घासली जाते.

आपल्याकडचा सगळ्यात वाईट प्रकार थंडीतल्या दवाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे गाडी दवाने ओलीचिंब असते. फुकटचं पाणी मिळालं म्हणून लोक त्याच ओलाव्यावर कापड फिरवून गाडी ‘धुतात’. रात्रभर बसलेली तांबडी धूळ दवात भिजून चिखलाचा पातळ लेप झालेला असतो, आणि तो टपापासून दारापर्यंत ओढत नेला जातो. दव आलं असेल तर काचा आणि आरसे तेवढे पुसा, रंगाला हात लावू नका. गाडी चालू लागली की अर्ध्या तासात ते वाळतं. डाग दिसतील, ते धुताना जातील.

इमारतीत राहत असाल आणि गाडी पुसायला माणूस लावलेला असेल, तर त्याचे पैसे चालू ठेवा पण काम बदला. काचा, चाकं आणि आतलं व्हॅक्यूम त्याच्याकडे द्या. एक बादली आणि एक फडकं घेऊन तो रोज दहा-बारा गाड्या उरकतो, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

सामान

सुरुवातीला फार काही लागत नाही. १५-२० लिटरच्या दोन बादल्या घ्या, जमलं तर त्यांच्या तळाशी बसणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्या. मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा हवा. पिवळा स्पंज नको, त्याच्या सपाट तोंडावर वाळूचे कण अडकून रंगावर फिरत राहतात. मोज्याच्या लांब धाग्यांत ते आत जातात. पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि क्षारही नाही असा, कार शाम्पू घ्या. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर आणि अंगाचा शाम्पू यांनी आधी लावलेलं वॅक्स, म्हणजे रंगावरचं संरक्षक मेण, निघून जातं. वाळवण्यासाठी ८०० ते १२०० जीएसएमचा मोठा टॉवेल, आणि वॅक्स वगैरे पुसायला ३५० ते ४०० जीएसएमची चार-सहा कापडं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तसं कापड जाड आणि मऊ. चाकांसाठी ब्रश, बादली, कापड सगळं वेगळं ठेवा.

नव्या कापडाच्या कडेला शिवलेलं लेबल आधी कापून टाका, तेही ओरखडे काढतं. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा रंगाला लावायचं नाही, झटकूनसुद्धा नाही. आमच्याकडे असं कापड थेट चाकांच्या डब्यात जातं. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, कारण सुताचा कोंडा त्यात अडकतो, आणि फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. पावसाळ्यात ही कापडं लवकर वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात, म्हणून पंख्याखाली वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

धुणं

वेळ सकाळी आठच्या आत, नाहीतर ऊन उतरल्यावर. बॉनेटवर तळहात ठेवून बघा. चटका बसला तर धुऊ नका. प्रवासाहून आल्या आल्याही नाही, कारण बॉनेट इंजिनाच्या उष्णतेने तापलेलं असतं आणि ब्रेकच्या गरम चकत्यांवर गार पाणी मारणंही बरं नव्हे.

चाकं आधी उरका, म्हणजे त्यांचा काळा चिखल नंतर धुतलेल्या दारांवर उडत नाही.

मग फक्त पाणी. या टप्प्यावर सगळे घाई करतात आणि नेमका इथेच रंग वाचतो. टपापासून खाली, चाकांच्या कमानींच्या आत, दारांच्या खालच्या पट्टीवर, नंबरप्लेटच्या मागे, निदान पाच मिनिटं पाणी मारत राहा. हात लावायच्या आधी जेवढी माती पाण्याने जाईल तेवढ्या रेघा कमी. प्रेशर वॉशर असेल तर नोझल रंगापासून दीड फूट लांब धरा आणि रंगाचा टवका उडालेल्या जागी, रबरांवर किंवा स्टिकरच्या कडेवर धार सरळ मारू नका. फोम गन असेल तर फेस मारून चार-पाच मिनिटं थांबा. फेस खाली ओघळताना माती घेऊन जातो. मे महिन्यात हा ओघळ पांढऱ्याऐवजी चहाच्या रंगाचा असतो, त्यावरून किती धूळ हातमोज्याखाली येणार होती ते कळतं. फेस वाळू न देता धुऊन टाका.

आता दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात. दुसरीत साधं पाणी. मोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनेल धुवा, साध्या पाण्यात चोळून धुवा, पिळा, मग परत शाम्पूत. क्रम वरून खाली: टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. खालच्या भागावर सगळ्यात जास्त वाळू असते, तिथे फिरवलेला मोजा पुन्हा वर न्यायचा नाही. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको, आणि दाबू नका. मोज्याच्या स्वतःच्या वजनाने काम होतं. काम संपल्यावर साध्या पाण्याची बादली थोडा वेळ तशीच ठेवा आणि मग तळ बघा. पहिल्या दिवशी आमच्या बादलीच्या तळाशी तांबड्या वाळूचा बोटाच्या पेरापेक्षा रुंद कडा जमला होता. एक बादली वापरत होतो तेव्हा तो सगळा गाडीवर फिरत होता.

मे महिन्यात नळाला पाणी कमी येतं आणि इमारतींमध्ये गाडी धुवायला मनाई होते. अशा वेळी नो-रिन्स प्रकारचा, म्हणजे नंतर पाण्याने धुऊन काढावा न लागणारा, शाम्पू उपयोगी. एका बादलीत झाकणभर घालून आठ-दहा लिटर पाण्यात गाडी होते: आधी पंपाने तेच पाणी पॅनेलवर फवारायचं, मग भिजलेल्या कापडाने एकदाच सरळ पुसायचं, कापडाची बाजू बदलायची. साध्या धुळीच्या गाडीसाठी हे उत्तम आहे. चिखल असेल तर नाही.

वाळवणं आणि पाण्याचे डाग

शेवटचं पाणी नोझल काढून, पाइपाच्या मोकळ्या संथ धारेने टपावरून सोडा. पाणी चादरीसारखं घसरून जातं आणि थेंब कमी राहतात. मग मोठा टॉवेल पॅनेलवर पसरा, हलकेच थोपटा, उचला. आरशांच्या आणि दारांच्या हँडलच्या फटीतून नंतर पाणी गळत राहतं, तिथे ब्लोअर असेल तर चांगला. शॅमॉय (गाडी पुसायचं मऊ चामडं) मी वापरत नाही. तो रंगाला चिकटून ओढला जातो आणि एखादा कण खाली राहिला तर सुटत नाही.

गाडी आपोआप वाळू देऊ नका. पाणी उडून जातं, त्यातले क्षार काळ्या रंगावर पांढऱ्या वर्तुळांच्या रूपात राहतात. तुमचं पाणी कसं आहे ते पाहायला सोपी चाचणी आहे: विंडस्क्रीनवर दोन-चार थेंब टाकून उन्हात वाळू द्या. ओपाच्या किंवा साळावलीच्या नळाच्या पाण्याचा डाग फिका असतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो, त्यांचा डाग जाड बसतो. चिऱ्याच्या जमिनीतल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं, त्याची पिवळट छटा राहते. पाणी वाईट असेल तर शेवटच्या धुण्यापुरतं तरी दुसरं पाणी आणा, पावसाचं साठवलेलं चालेल. बसलेल्या ताज्या डागावर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन सावलीत, गार पत्र्यावर कापडाने टेकवा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. त्या जागचं वॅक्स जाईल, ते परत लावायचं.

झाडाखाली, किनाऱ्यावर, फेरीवर

सावली हवी म्हणून गाडी झाडाखाली लावतो आणि झाडच रंग खातं. माडाखाली गाडी लावू नये हे कुणाला सांगायला नको, बाकीची झाडं मात्र गोड दिसतात. आंब्याचा चीक रंगाला झोंबतो, उन्हात तर फार लवकर. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, ते रंगावर राहू देऊ नका. मे-जूनमध्ये जांभळाखाली लावलेली गाडी जांभळ्या ठिपक्यांची होते, आणि वटवाघळं रात्री चघळून थुंकलेली फळं चिकटून बसतात ती वेगळीच.

चीक वाळला असेल तर नखाने खरवडू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन त्या जागी अर्धा मिनिट धरा, मग हलकेच उचला. फणसाच्या चिकाला मात्र घरचा उपाय लागू पडतो: फणस कापताना हाताला जे खोबरेल लावतो तेच दोन थेंब चिकावर लावून पाच मिनिटं थांबा, चीक सुटतो. तेल नंतर शाम्पूने काढा.

पक्ष्यांच्या विष्ठेला मी सगळ्यात जास्त घाबरतो. तिच्यात युरिक आम्ल असतं. शिवाय उन्हात क्लिअर कोट तापून मऊ पडतो आणि संध्याकाळी गार होताना वाळलेल्या विष्ठेच्या आकारात आवळला जातो, त्यामुळे विष्ठा काढल्यावरही तिची आकृती उरते. मे महिन्यात सकाळची विष्ठा संध्याकाळपर्यंत ठेवली तर डाग कायमचा होऊ शकतो. म्हणून गाडीत एक छोटी फवारणीची बाटली आणि दोन जुनी मऊ कापडं ठेवतो. टिश्यू पेपर भिजवून विष्ठेवर पसरायचा, पाच-सात मिनिटं राहू द्यायचा, मग चिमटीत धरावं तसा वर उचलायचा. पुसायचं नाही, कारण तिच्यात बियांचे आणि वाळूचे कण असतात.

समुद्राचा खारा वारा रंगापेक्षा उघड्या पत्र्याला जास्त बाधतो, पण मीठ ओलावा धरून ठेवतं आणि त्यावर धूळ चिकटते. मिरामार किंवा कोलव्याच्या बाजूला दिवस घालवला असेल तर त्या आठवड्यात गाडी धुवाच, खालची बाजूसुद्धा. किनाऱ्यावर गाडी उतरवायला मनाई आहेच, रंगाच्या दृष्टीनेही ते आत्मघातकी. फेरीबोटीचं फार कुणाच्या लक्षात येत नाही. रायबंदर-चोडण किंवा जुनं गोवे-दिवाडी फेरीवर चढता-उतरताना धक्क्यावर जे पाणी चाकांखालून उडतं ते भरतीचं खारं असतं, उन्हाळ्यात तर जास्तच. रोज फेरीने जाणाऱ्यांनी घरी आल्यावर चाकांच्या कमानींत नुसत्या पाण्याची धार मारावी. साबण लागत नाही.

पावसाळा

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाऊस गाडी धुतो ही समजूत सोडा. पावसानंतर रस्त्यावरचा चिखल दारांच्या खालच्या भागावर तांबडा लेप देतो. दर दोन आठवड्यांनी, पावसाची उघडीप बघून, नीट धुवा. मधल्या काळात खालच्या भागावर पाण्याची धार पुरे.

कापडी कव्हर पावसाळ्यात घालू नका. आत ओल कोंडते, वाऱ्याने कव्हर हलतं आणि खालची धूळ घासते. छप्पर नसेल तर उघडी गाडी परवडली. काचांच्या रबरांच्या फटीत ऑगस्टपर्यंत हिरवं शेवाळ धरतं, ते जुन्या टूथब्रशने आणि शाम्पूच्या पाण्याने काढा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की आत पाणी साचतं आणि गंज आतून सुरू होतो, त्यामुळे जूनच्या आधी एकदा काडीने मोकळी करा. दगड उडून रंगाचा टवका गेला असेल आणि पत्रा दिसत असेल तर पावसाच्या आधीच त्यावर टच-अप रंगाचा ठिपका द्या. आपल्या हवेत अशा जागी गंज धरायला वेळ लागत नाही.

खोल सफाई

वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, गाडी धुऊन झाली की हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगावर फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, झाडांचा चीक असं सगळं तिथे रुतलेलं असतं.

आधी आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंडाचे कण असतील तिथे तो जांभळा होऊन ओघळतो, काळ्या गाडीवर रंग कमी दिसतो पण चाकांवर स्पष्ट. वास सडक्या अंड्यासारखा येतो. हातमोजे घाला, सावलीत करा, वाळू न देता धुवा. डांबरासाठी टार रिमूव्हर मिळतो. मग क्ले: मातीसारखा मऊ गोळा, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर हलक्या हाताने सरकवायचा. सुरुवातीला तो अडकत अडकत जातो, थोड्या वेळाने बर्फावर सरकावा तसा जातो. गोळा खाली पडला तर टाकून द्या. क्लेने काळ्या रंगावर स्वतःच्या थोड्या रेघा पडू शकतात, म्हणून पॉलिश करायचं असेल त्याच वर्षी क्ले करा.

पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा अगदी पातळ थर घासून काढणं. रेघ नाहीशी होते कारण तिच्या आजूबाजूचा थर तिच्या तळापर्यंत खाली आणलेला असतो. तो थर परत येत नाही, म्हणून दर दिवाळीला पॉलिश करणाऱ्यांशी मी सहमत नाही. नीट धुतलेल्या गाडीला दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. रेघेवरून नख आडवं फिरवून बघा: नख अडकलं तर ती रेघ पॉलिशने जाणार नाही, तिच्या मागे लागू नका. स्वतः करायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (ज्याचं पॅड फिरता फिरता हलतंही) घ्या, सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडपासून सुरुवात करा, आणि दीड फुटाच्या एका चौकोनावर आधी करून बघा. कडांवर आणि पॅनेलच्या घड्यांवर थर पातळ असतो, तिथे मशीन थांबवू नका. बाहेर करून घेणार असाल तर रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का ते विचारा. काम झाल्यावर गाडी उन्हात नेऊन बघा. आतल्या दिव्याखाली सगळ्या गाड्या छान दिसतात. काही ठिकाणी रेघा काढण्याऐवजी तेलकट पदार्थाने भरून देतात, त्या तीन-चार धुण्यांत पुन्हा वर येतात. डिझेल किंवा रॉकेल मारून चमकवणाऱ्याला तर गाडीजवळ येऊ देऊ नका.

कवच कोणतं

कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. काळ्या रंगावर ते जी खोल, ओलसर चमक देतं ती दुसऱ्या कशाने येत नाही असं माझं मत आहे. आपल्या उन्हात मात्र ते महिना-दीड महिना टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचं कृत्रिम कवच, चार-सहा महिने. नवख्यांना मी फवारून पुसायचा सीलंट सुचवतो: धुऊन वाळवलेल्या गार पत्र्यावर, एका वेळी अर्धं पॅनेल, दर तीन महिन्यांनी. त्यातला एक हात मेच्या शेवटच्या आठवड्यात नक्की द्या, पावसाच्या तोंडावर.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा पातळ कठीण थर, नीट केलं तर दोन-तीन वर्षं चालतं. पाणी घसरतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण रेघा पडायच्या थांबत नाहीत, दगडाचा टवका तर अजिबात थांबत नाही. जाहिरातीतला ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे, त्याचा हिऱ्या-माणकाशी संबंध नाही. कोटिंगखाली राहिलेल्या रेघा तशाच बंद होतात, म्हणून आधी पॉलिश हवं. आणि ते थंडीत करून घ्या. पहिले काही दिवस गाडी पाण्यापासून जपावी लागते, जुलैत ते कसं साधणार?

दगडांपासून खरं संरक्षण पीपीएफचं, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मचं. पारदर्शक, साधारण १५०-२०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा थर. बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने त्यात आपोआप भरून येतात. पूर्ण गाडीला खर्च फार होतो, त्यामुळे रोज पणजी-मडगाव हायवेवर जाणाऱ्याने पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि दारांच्या हँडलमागचा वाडगा एवढ्यालाच लावला तरी बहुतेक काम होतं. त्या वाडग्यात नखांच्या रेघा सगळ्यात आधी पडतात.

सणासुदीला

दसऱ्याची गाडीची पूजा टाळावी असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे ती होतेच. आईला हळद-कुंकू बॉनेटवरच लावायचं असतं. ओली हळद आणि तेलात कालवलेला शेंदूर उन्हात राहिला तर डाग देतो, म्हणून आता ती स्वस्तिक विंडस्क्रीनच्या कोपऱ्यात काढते आणि बॉनेटवर कोरड्या अक्षता ठेवते. झेंडूच्या हाराची तार किंवा सुतळी चालत्या गाडीत घासून एका दुपारी खोल रेघा पाडते. हार ग्रिलला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा आणि गाडी हलवण्याआधी उतरवा. नारळ चाकापाशी फोडला की पाणी रंगावर उडतं, त्यात साखर असते, लगेच ओल्या कापडाने टिपून घ्या.

शिगम्याच्या मिरवणुकीच्या वाटेवर गाडी लावू नका, गुलाल उडतो. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावर नरकासुर जाळतात तिथून गाडी दोन गल्ल्या लांब, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लावा. पहाटे तिच्यावर जळलेल्या कागदाचे काळे पापुद्रे आणि फटाक्यांची राख पडलेली असेल, वर दव. त्या दिवशी अभ्यंगस्नान आणि पोहे झाल्याशिवाय गाडीकडे जायचं नाही, आणि गेल्यावर आधी पाइप हातात घ्यायचा.